आधी दाणा, मग पेला

या पुस्तिकेचा वाचक बिअर बनवणारा नाही आणि त्याने ती बनवावी असा कोणाचा आग्रहही नाही. आयुष्यात एकदाही त्याने पेला ओठाला लावला नसेल तरी चालेल. बिअर ज्या चार-पाच वस्तूंपासून होते त्या एकेक करून हातात घ्याव्यात, हुंगाव्यात, चावून बघाव्यात, गरम पाण्यात भिजवून चाखाव्यात, एवढेच इथे मागितले आहे. जव हे धान्य आहे, तांदूळही धान्यच, हॉप्स हे एका वेलीचे फूल, यीस्ट म्हणजे पाव फुगवणारे किण्व, आणि उरले ते पाणी. यातल्या एकाही वस्तूत अल्कोहोल नाही. त्यामुळे गळ्यात माळ असलेला वारकरी, शनिवारी मित्रांसोबत बिअर पिणारा तरुण आणि गावातल्या भट्टीविरुद्ध मोर्चा काढणारी बाई, या तिघांना एका सतरंजीवर बसवता येते. चव घेण्याच्या बैठकांच्या या उपक्रमाचे मला मोल वाटते ते आधी याच कारणाने.

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे माणसे आवाज एकतर खाली आणतात, नाहीतर चढवतात. चढलेल्या आवाजाला कारण आहे. गोंदियाच्या शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या, रेट्यातून आली. हातभट्टीने मोडलेले संसार गोंदिया जिल्ह्यातही आहेत. त्या दुःखाला ही पुस्तिका वळसा घालत नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट मागे पडली. मोहाची फुले वेचणारी बाई, भात पिकवणारा शेतकरी, गिरणीत कणी चाळणारा मजूर ही मंडळी मद्याला लागणाऱ्या कच्च्या मालाची पिढीजात जाणकार आहेत, आणि तरी त्यांच्या जाणकारीला कोणी कधी ज्ञान मानले नाही. फूल चांगले की वाईट, हे त्यांना हात लावून आणि हुंगून कळते. त्याला नाव देऊन, चारचौघांत सांगून, त्यावर भाव मागण्याची सवय मात्र लागलेली नाही. चव घेण्याच्या या बैठका त्या सवयीसाठी आहेत, असे मी समजतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्यांचा, मालगुजारी तलावांचा हा मुलूख. पीक मुख्यतः धानाचे, गावोगावी भात गिरण्या; आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांत जंगल, जंगलात मोह. म्हणजे मद्याच्या दोन मूळ वाटा या जिल्ह्याच्या दारातूनच जातात. एका वाटेवर पिष्ट आहे, दुसरीवर आयती साखर. किण्वाला साखरच खाता येते, पिष्ट खाता येत नाही. धान्यापासून पेय करायचे तर पिष्टाची साखर कशी करायची हा प्रश्न माणसाला आधी सोडवावा लागला. फुलाफळांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. जगातली सगळी बिअर पहिल्या बाजूला, सगळी वाइन दुसऱ्या बाजूला. जव आणि द्राक्ष न पाहिलेल्या माणसालाही हा फरक गोंदियात भात आणि मोहफूल तोंडात टाकून समजतो.

पहिला पाठ म्हणूनच भाताचा आहे. साधा शिजलेला भात, वर वरण नको, मीठ नको. एक छोटा घास घ्यायचा आणि गिळायचा नाही, चावत राहायचे. सुरुवातीला काहीच चव नसते. भाताला स्वतःची चव फार थोडी. मिनिटभरात जिभेच्या कडांना हलका गोडवा जाणवू लागतो, पुढच्या मिनिटात तो स्पष्ट होतो. लाळेत अमायलेज नावाचे विकर असते, ते पिष्टाची लांबलचक साखळी तोडून तिची साखर करते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात मका चावून थुंकून चिचा नावाची बिअर करत, जपानातही प्राचीन काळी तांदूळ चावून मद्य करत, ते याच विकराच्या बळावर. ऐकून तोंड वाकडे होईल, पण धान्याची बिअर कशी होते याचा अर्धा खुलासा या एका घासात झालेला असतो. उरलेला अर्धा जवाच्या दाण्यात आहे.

जवाचे दोन ढीग समोर ठेवावेत. एक कच्चा जव, दुसरा माल्ट केलेला. नुसत्या डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखे दिसतात. कच्चा दाणा दाताखाली धरला तर दगडासारखा लागतो, जोर लावून फोडलाच तर आत कोरडे पीठ, गोडवा नाही. माल्टचा दाणा मात्र कुर्रकन फुटतो, आतला गर भुगभुशीत, लगेच गोडसर, मागून खरपूस वास, आणि शेवटी दातांत टरफलाचा काडीसारखा तुकडा उरतो. तो थुंकून टाकू नका, बोटावर घेऊन बघा. पिंपात शिजवलेल्या जवातून गोड रस गाळताना हेच टरफल गाळणी म्हणून कामाला येते. जव बिअरचे मुख्य धान्य होण्यामागे हेही एक कारण आहे.

या दोन ढिगांमध्ये अंतर आहे ते आठवडाभराचे. दाणा पाण्यात भिजवतात, हवेशीर पसरून मोड आणतात, कोंब दाण्याच्या लांबीइतका होत आला की गरम हवेने सुकवून वाढ थांबवतात. रोपाला खाऊ घालण्यासाठी दाण्याने आत विकर तयार केलेले असते. रोप वाढू न देता ते विकर आपण ठेवून घेतो. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, सुकवून दळणाऱ्या आपल्या घरांना यात नवे काही नाही. बाळाला दिले जाणारे नाचणीचे सत्त्व म्हणजे नाचणीचे माल्टच. फक्त जव आपल्याकडचा नाही, तो राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणाकडून येतो. सुकवण्याची आच वाढवत नेली की रंग आणि चव बदलत जाते. साधारण ऐंशी अंशांच्या आसपास सुकवलेले फिके माल्ट बिस्किटासारखे, ओले असतानाच भाजलेले माल्ट साखरेच्या पाकाची आठवण देणारे, आणि दोनशे अंशांच्या वर भाजलेले काळे माल्ट थेट कॉफीच्या वळणाचे, कडसर, करपट. काळी स्टाउट बिअर काळी का, याचे उत्तर चिमूटभर काळे माल्ट चावताच मिळते. तिच्यात रंग घातलेला नसतो.

आता पेज. माझ्या मते या पुस्तिकेतला सर्वांत सुंदर प्रयोग हाच, आणि तो गोंदियातच सुचावा यात नवल नाही. कणी घ्या, तिची दाट पेज शिजवा, इतकी की पळी उभी राहावी. चूल बंद करून ती पासष्ट अंशांपर्यंत निवू द्या. तापमापक नक्की वापरा, अंदाज इथे फसतो. मग भरडलेल्या फिक्या माल्टची एक मूठ त्यात ढवळा, झाकण ठेवा, भांडे जाड टॉवेलात गुंडाळा. पाच-दहा मिनिटांनी झाकण काढले की जमलेली माणसे पुढे सरकतात. दाट पेज पाण्यासारखी सैल झालेली असते. पाणी कोणी घातलेले नसते. अर्ध्या-पाऊण तासाने चमचाभर चाखा : गोड, आणि साखरेच्या गोडव्याहून वेगळी, धान्याच्या अंगाची गोड. शाळेच्या प्रयोगशाळेतले आयोडीन हाताशी असेल तर सुरुवातीच्या पेजेचा एक थेंब आणि शेवटच्या पेजेचा एक थेंब बशीत शेजारी ठेवून त्यावर आयोडीन टाका. पहिला निळा-काळा होईल, दुसरा होणार नाही, कारण पिष्ट संपलेले असेल. हाच प्रयोग उकळत्या पेजेत माल्ट टाकून केला तर पेज दाटच राहते. उकळीने विकर मरते. दोन्ही भांडी शेजारी ठेवली की व्याख्यानाची गरज उरत नाही.

माल्टमधले विकर स्वतःचे पिष्ट फोडून वर तांदळाचेही फोडू शकते. म्हणूनच भारतातल्या आणि अमेरिकेतल्या पुष्कळ फिक्या बिअरमध्ये जवाच्या जोडीला तांदूळ असतो. तांदळाने पेय हलके होते, रंग उजळतो, धान्याचा खमंगपणा मात्र कमी होतो. शुद्धतेचे अभिमानी तांदळाला भेसळ म्हणतात. मला ते पटत नाही. नुसत्या माल्टचा रस आणि माल्ट-तांदळाचा रस वेगवेगळ्या पेल्यांत चाखा. पहिला जड आणि हॉर्लिक्सच्या वळणाचा लागतो. हॉर्लिक्सही माल्ट केलेल्या जवाचेच, त्यामुळे हे साम्य खरे आहे. दुसरा हलका, स्वच्छ. आवडनिवड ज्याची त्याची. पण कणीला कमी दर्जाचे म्हणण्याआधी चाखून बघावे.

एक पथ्य मात्र पाळायचे. हा गोड रस त्याच दिवशी संपवायचा किंवा फेकून द्यायचा. रात्रभर ठेवला की हवेतले किण्व त्यात शिरते, आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

मोहाचा पाठ हंगामावर अवलंबून आहे. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते, देशभरातून गोंड भाविक येतात; त्यानंतर उन्ह तापू लागले की मोहाची पाने झडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये फूल गळू लागते. ते रात्री उशिरा आणि पहाटे गळते. अंधार असतानाच बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्याच फुलासाठी अस्वलही येते. नवेगाव-नागझिरा भागातल्या गावांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फूल म्हणजे पाकळ्या नव्हेत. फिक्या पिवळट रंगाचा, रसाने भरलेला मांसल गोळा, द्राक्षाएवढा, आत केसराचे खरखरीत तंतू. ताजे फूल दोन बोटांत धरून दाबले की चिकट रस निघतो. केसर काढून ते जिभेवर ठेवले तर पहिल्या क्षणी दाट गोडी येते, लगेच मागून एक उग्र वास नाकात चढतो. काहींना तो वास नकोसा वाटतो, काहींना त्यानेच बालपण आठवते. दोन-चार फुले पुरेत, जास्त खाल्ली तर मळमळते.

सुकले की तेच फूल तांबूस-तपकिरी, मनुकेसारखे चिवट होते. सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते, आणि ती किण्वाला जशीच्या तशी खाता येते. इथे विकर नको, माल्ट नको, पासष्ट अंश नकोत. फुले पाण्यात भिजत घातली की सडवा आपोआप फसफसू लागतो. पुढे भट्टीवर त्याचा अर्क उतरवतात. भाताची गोडी दोन मिनिटे चावून मिळवावी लागली, मोहाची पहिल्या क्षणी मिळाली. हे दोन अनुभव एकाच बैठकीत, एकामागून एक घ्यायचे आहेत.

मोहाला केवळ दारूचे झाड समजणाऱ्यांनी त्याचे बाकीचे उपयोगही विचारात घ्यावेत. फुले भाजून, उकडून खातात, त्यांचे लाडू होतात, दुष्काळात त्यांनी माणसे जगवली. बियांचे तेल निघते. गोंडांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत मोहाला जागा आहे. सरकारने मात्र या फुलाकडे बराच काळ महसुलाच्या नजरेने पाहिले. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदा झाला, आणि ठाणे-कुलाबा भागातल्या आदिवासींना स्वतःच्या अंगणातले फूल साठवणेही अवघड झाले. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतात होते, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर. पण स्वातंत्र्यानंतरच्या राज्यातही मोहफूल साठवायला आणि न्यायला परवाने लागतच होते. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते निर्बंध सैल केले.

हा बदल झाला तेव्हा बाजारही बदलत होता. गोव्यात २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ मध्ये गोव्यातल्याच एका उद्योगाने मोहाची दारू लेबल लावून, बाटलीत भरून दुकानात आणली. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण आणले. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने लघु बिअरनिर्मिती सुरू केली, आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत देशी धान्ये, फळे, मसाले बिअरमध्ये घालून बघणारे लोक वाढले. या सगळ्यांना उत्तम कच्चा माल हवा आहे आणि त्यासाठी पैसे मोजायची त्यांची तयारी आहे. प्रश्न एवढाच की उत्तम म्हणजे काय, हे ठरवणार कोण? शहरातला खरीददार, की पहाटे फूल उचलणारी बाई?

याचे उत्तर पुस्तिकेने चवीच्या बैठकीतूनच शोधले आहे. सुक्या मोहफुलांच्या चार वाट्या ठेवा. एकीत जाळीवर झेललेले, स्वच्छ ताडपत्रीवर कडक उन्हात सुकवलेले फूल. दुसरीत मातीवरून वेचलेले. तिसरीत ओलसर असतानाच पोत्यात भरलेले, चौथीत मागच्या वर्षीचे. पहिले फूल मनुकेच्या अंगाने गोड, वास मोकळा. दुसऱ्यात दाताखाली कचकन खडा येतो आणि चव मातकट. तिसरे आंबूस, कुबट. चौथ्याची गोडी शिल्लक असते, वास मात्र मेलेला. डोळे मिटूनही हे ओळखता येते. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि त्यातून जंगलात वणवे लागतात. त्या राखेतून उचललेल्या फुलाला धुराचा वास येतो. जाळी बांधली तर वणवाही टळतो आणि फूलही स्वच्छ मिळते, हे भाषणाने पटवायला किती उन्हाळे लागतील कोण जाणे. दोन वाट्यांनी लवकर पटते.

हॉप्सचा पाठ छोटा आहे, कारण ही वस्तू आपल्या मातीतली नाही. थंड प्रदेशातली वेल, भारतात ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात घेतली जाते. मादी वेलीची हिरवी, कागदी पापुद्र्यांची फुले तळहातावर चुरडली की आत पिवळी भुकटी दिसते. तिचा वास कधी लिंबाच्या सालीचा, कधी देवदाराचा, कधी गवताचा. चिमूटभर चावली की सुरुवातीला काहीच नाही, आणि मग कडूपणा येतो तो जायचे नाव घेत नाही. शेजारी भुईनिंबाचा काढा ठेवा. तापावर तो प्यालेली माणसे हॉप्सला घाबरत नाहीत. भुईनिंबाचा कडूपणा जिभेवर झटकन आदळतो, हॉप्सचा उशिरा येऊन घशाशी बसतो, एवढे त्यांना पटकन सांगता येते. हॉप्स तासभर उकळले तरच त्यातला कडूपणा पाण्यात नीट उतरतो, आणि तोच बिअरला लवकर आंबू देत नाही. कुत्रा जवळ असेल तर मात्र ही फुले त्याच्यापासून दूर ठेवा, त्याला ती विषारी आहेत.

यीस्ट चाखण्यापेक्षा हुंगण्याची वस्तू. १५१६ साली बव्हेरियात बिअर जव, हॉप्स आणि पाणी यांचीच असावी असा हुकूम निघाला, त्यात यीस्टचे नाव नाही, कारण ते नेमके काय करते हे तेव्हा माहीत नव्हते. लुई पाश्चरचे बिअरवरचे पुस्तक १८७६ चे, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले ते १८८३ मध्ये. कोमट पाण्यात सुके यीस्ट भिजवले की जो वास येतो तो बेकरीच्या दारात सगळ्यांनी घेतलेला आहे. बोअरच्या कठीण पाण्यात डाळ शिजत नाही, हे ज्या स्वयंपाकघराला माहीत आहे त्याला पाण्याचा पाठ द्यायला नको. तलावाचे, विहिरीचे आणि बोअरचे पाणी उकळून, गार करून तीन पेल्यांत ठेवा, एवढे पुरे. चेकियातल्या प्लझेनची फिकी बिअर तिथल्या मृदू पाण्याने घडली, इंग्लंडमधल्या बर्टनची कडवी बिअर जिप्समच्या पाण्याने.

बैठक घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. चाखणाऱ्याला आधी काही सांगू नका. वाटी पुढे करा, त्याचा शब्द येऊ द्या, मग माहिती द्या. तुरट, आंबूस, खवट, खमंग, उग्र, मातकट. शब्द आपल्या घरात भरपूर आहेत, बोली कोणतीही असो. जे सांगेल ते तसेच वहीत उतरवा. आणि मोहफूल आणायचे असेल तर थेट वेचणाऱ्या बाईकडून आणा, कोणती वाटी का चांगली हे तिच्याचकडून ऐका, आणि चांगल्या फुलाचा ती जो भाव सांगेल तो घासाघीस न करता द्या.